किती बनल्या, आणि कुणी मोजल्या?

शेव्हरोलेच्या १९६९ सालच्या कॅमारो गाड्या एकूण २,४३,०८५ बनल्या. जुन्या अमेरिकन गाड्यांविषयी छापले जाणारे पुष्कळसे आकडे वादात सापडलेले असतात. हा सापडलेला नाही, कारण तो कुणालाही तपासून पाहता येतो. त्या वर्षी ही गाडी दोन कारखान्यांत बनत होती, ओहायो राज्यात नॉरवुडला आणि कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ व्हॅन नाईसला. दोन्हीकडे गाड्यांचे अनुक्रमांक ५००००१ पासून सुरू झाले. नॉरवुडचा शेवटचा अनुक्रमांक ७११९२२ आणि व्हॅन नाईसचा ५३११६३. म्हणजे एकीकडे २,११,९२२ गाड्या, दुसरीकडे ३१,१६३, आणि बेरीज शेवटच्या गाडीपर्यंत जुळते. अडचण एवढीच, की हा प्रश्न कुणी विचारत नाही. गाडी विकत घेणारा, विकणारा, लिलाव पुकारणारा आणि हौशी संशोधक या सगळ्यांना हवे असते ते वेगळेच: यांतल्या झेड/२८ नावाच्या प्रकाराच्या किती, ४२७ घनइंचांचे इंजिन बसवलेल्या किती, त्यांतल्या निळ्या किती, आणि निळ्यांतल्या हाताने गिअर बदलायच्या किती. प्रश्न जसजसा बारीक होतो तसतशी उत्तराखालची जमीन सरकत जाते, आणि गंमत अशी की सांगणाऱ्याचा आत्मविश्वास मात्र त्याच वेगाने वाढत जातो.

पुढील प्रकरणांचा विषय हा आकड्यांचा शोध आहे, आणि तो सुरू करण्यापूर्वी एक भूमिका स्पष्ट केलेली बरी. उत्पादनाचा कोणताही आकडा हा कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी केलेल्या मोजणीचा अवशेष असतो. इंजिनाच्या कारखान्याने इंजिने मोजली, कारण त्याला कच्च्या मालाचा हिशेब ठेवायचा होता. बिलाच्या खात्याने गाड्या मोजल्या, कारण डीलरकडून पैसे वसूल करायचे होते. शर्यतीच्या संघटनेने मोजल्या, कारण नियमात किमान संख्या घातली होती. पन्नास वर्षांनी एखादा शौकीन विचारील की अमुक रंगाच्या, अमुक इंजिनाच्या गाड्या किती, हे त्यांच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हते. म्हणून आकडा खरा की खोटा हे विचारण्याआधी तो कोणत्या मोजणीतून आला हे विचारावे लागते. आणि गाडीचे दुर्मीळपण ही गाडीइतकीच तिच्या कागदपत्रांची कहाणी असते. हे म्हणणे संशयवाद्याचे वाटेल. तसे ते नाही. काही आकडे पक्के आहेत आणि ते पक्के का आहेत हे दाखवता येते. म्हणूनच जे पक्के नाहीत त्यांनाही त्याच तोलाने तोलले पाहिजे.

आधी गाडी स्वतःविषयी काय सांगते ते पाहू. १९६९च्या कॅमारोवरचा क्रमांक, ज्याला अमेरिकेत व्हीआयएन म्हणतात आणि आपल्याकडे सर्रास चासी नंबर, तो अगदी मितभाषी आहे. सुरुवातीचा १२३ म्हणजे सहा सिलिंडरची गाडी, १२४ म्हणजे आठ सिलिंडरची. पुढचा ३७ म्हणजे बंद टपाची, ६७ म्हणजे कन्व्हर्टिबल. मग वर्षाचा ९, कारखान्याचे अक्षर आणि अनुक्रमांक. संपले. आठ सिलिंडरचे इंजिन बाजारहाटाला नेण्यापुरते आहे की शर्यतीच्या मैदानावर नेण्याजोगे, याबद्दल क्रमांक अवाक्षर काढत नाही. क्रायस्लरने आपल्या क्रमांकात इंजिनासाठी एक खूण तोवर ठेवायला सुरुवात केली होती. शेव्हरोलेने ती १९७२ मध्ये ठेवली. त्यामुळे कॅमारोच्या बाबतीत इतर पुरावे धुंडाळावे लागतात. इंजिनावर ठोकलेला दोन अक्षरी संकेत, गाडीच्या अंगाचा रंग आणि आतली बैठक सांगणारी पत्र्याची पट्टी, वॉरंटीच्या पुस्तकात बसवलेली छोटी धातूची चकती, १९५८च्या कायद्याने काचेवर लावणे सक्तीचे झालेले किमतीचे पत्रक, आणि कारखान्यातल्या कामगारांसाठी छापलेला तो सुटा कागद, जो कधी आसनाच्या स्प्रिंगांत तर कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकलेला सापडतो. नॉरवुडच्या कारखान्याने डिसेंबर १९६८ च्या सुमारास पत्र्याच्या पट्टीवर एक जादा संकेत ठोकायला सुरुवात केली. त्यातला एक्स-७७ म्हणजे साधी झेड/२८, एक्स-३३ म्हणजे सजावटीच्या पट्ट्यांसह झेड/२८. संशोधकांच्या दृष्टीने ही मोठीच देणगी. पण व्हॅन नाईसने असा संकेत कधी ठोकलाच नाही, आणि नॉरवुडनेही मोसमाच्या सुरुवातीला ठोकला नव्हता. म्हणजे एकाच वर्षाची, एकाच नावाची, एकाच इंजिनाची गाडी सिद्ध करणे कुठे सोपे, कुठे अवघड. आणि हा फरक गाडीत नाही, ती कुठे आणि कोणत्या महिन्यात बनली यात आहे.

याहून मोठा फरक कंपनीच्या दप्तरखान्यात आहे. जनरल मोटर्सच्या छत्राखाली असलेल्या पॉन्टियॅक विभागाच्या प्रत्येक गाडीच्या बिलाच्या नोंदी टिकून राहिल्या. कॅमारोचीच सख्खी बहीण म्हणावी अशी पॉन्टियॅकची फायरबर्ड. तिच्या १९६९ च्या ट्रान्स ॲम प्रकारच्या ६९७ गाड्या बनल्या आणि त्यांपैकी ८ कन्व्हर्टिबल होत्या, हे कुणीही वाद न घालता मान्य करतो, कारण गाडीगणिक कागद काढून दाखवता येतो. फोर्डच्या १९६७ पासूनच्या गाड्यांची माहिती संगणकीय स्वरूपात वाचली आणि त्यावरून आज प्रत्येक मस्टँगचा अहवाल मिळू शकतो. शेव्हरोलेच्या अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या अशा गाडीगणिक नोंदी उरल्या नाहीत. कॅनडातल्या डीलरांकडे गेलेल्या गाड्यांच्या मात्र उरल्या, कारण जनरल मोटर्सच्या कॅनडातल्या कंपनीने आपले दप्तर वेगळे ठेवले होते. परिणाम असा, की ओंटारियोत विकली गेलेली कॅमारो आपली कुळकथा कागदावर दाखवू शकते, आणि सरहद्दीच्या अलीकडे मिशिगनमध्ये विकली गेलेली तिची जुळी बहीण आयुष्यभर साक्षीदार शोधत फिरते. दोघींत लोखंडाचा फरक नाही. तरी बाजार दोघींना वेगळ्या नजरेने पाहतो, आणि ते चूक आहे असेही म्हणता येत नाही, कारण बाजार लोखंडाइतकाच खात्रीलाही पैसे मोजत असतो.

या विषयातला सर्वांत बोधप्रद नमुना म्हणजे १९६९ च्या कोपो गाड्या. सेंट्रल ऑफिस प्रॉडक्शन ऑर्डर या नावाच्या आद्याक्षरांवरून हा शब्द आला. मुळात ही सोय होती पोलीस खात्यासाठी, टॅक्सी कंपन्यांसाठी, एखाद्या मालवाहतूकदाराला आपल्या सगळ्या गाड्या एका खास रंगात हव्या असतील तर त्यासाठी. म्हणजे छापील यादीत नसलेली मागणी मुख्य कार्यालयाच्या परवानगीने पुरी करण्यासाठी. त्या काळी जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मध्यम आणि लहान गाड्यांत ४०० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही. म्हणून कॅमारोच्या यादीतले सर्वांत मोठे इंजिन ३९६ घनइंचांचे. पण शेव्हरोलेत व्हिन्स पिगिन्स यांच्यासारखे शर्यतीचे काम पाहणारे अधिकारी होते, आणि बाहेर पेनसिल्व्हेनियातल्या कॅननस्बर्गच्या डॉन येन्को यांच्यासारखे डीलर होते, जे आपल्या वर्कशॉपमध्ये ४२७ घनइंचांचे, म्हणजे सुमारे सात लिटरचे इंजिन कॅमारोत बसवून विकत. टॅक्सीवाल्यांसाठी उघडलेल्या त्या मागच्या दारातून १९६९ मध्ये ही इंजिने थेट कारखान्यातच बसवली जाऊ लागली. लोखंडी इंजिनाची ऑर्डर ९५६१, ॲल्युमिनियमच्या इंजिनाची ९५६०. छापील माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नव्हता, गाडीवर त्यांचे नाव नव्हते.

आता लोखंडी ४२७ च्या किती बनल्या? सर्वत्र दिला जाणारा आकडा आहे १,०१५. कसा आला हा? न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळच्या टोनावांडा येथील इंजिनांच्या कारखान्यात या गाडीसाठीच्या इंजिनांना दोन संकेत होते, हाताने गिअर बदलायच्या गाडीसाठी एमएन आणि ऑटोमॅटिकसाठी एमओ. पहिल्या संकेताची ८२२ इंजिने झाली, दुसऱ्याची १९३. बेरीज १,०१५. बेरीज बिनचूक आहे. फक्त ती इंजिनांची आहे, गाड्यांची नव्हे. पंगतीत उठलेल्या पत्रावळींवरून पाहुणे मोजावेत तसा हा प्रकार. आकडा फारसा चुकत नाही, पण तो पत्रावळींचा असतो. तयार झालेले प्रत्येक इंजिन गाडीत बसलेच असे धरून चालता येत नाही. म्हणून १,०१५ ही वरची मर्यादा म्हणून वाचावी, हे माझे मत. अगदी असेच १९७० च्या शेव्हेलबाबत घडते. तिच्या ४५४ घनइंचांच्या सर्वांत दमदार, एलएस-६ नावाच्या प्रकारासाठी ४,४७५ हा आकडा सांगतात. त्यात बंद टपाच्या गाड्या आहेत, कन्व्हर्टिबल आहेत आणि मागे मालाचा हौदा असलेली एल कॅमिनोही आहे. त्यांची वाटणी कंपनीने कधी दिली नाही. तरी लिलावाच्या यादीत एखादी कन्व्हर्टिबल आली की तिच्याखाली एक ठाम आकडा छापलेला सापडतो. मूळ आकड्यातच जे नव्हते ते त्यातून निघाले कसे, हे विचारायचे कुणी मनावर घेत नाही.

ॲल्युमिनियमच्या इंजिनाची कॅमारो, झेडएल-१, ही मात्र उलट बाजूची साक्ष देते. तिच्या ६९ गाड्या बनल्या आणि या संख्येला धक्का लागलेला नाही, कारण त्या गाड्यांची अनुक्रमांकांसह यादी जुळवता आली. ती जुळली कशी, याचे उत्तर त्या गाडीच्या जन्मकथेत आहे. इलिनॉय राज्यातल्या ला हार्प या लहानशा गावातला फ्रेड गिब हा डीलर. ड्रॅग शर्यतीच्या संघटनेच्या नियमानुसार स्पर्धेत उतरण्यासाठी किमान ५० गाड्या बनलेल्या असायला हव्या होत्या. तेव्हा गिबने ५० मागवल्या. गाड्या आल्या आणि पाठोपाठ बिल आले. नुसत्या इंजिनाचे ४,१६० डॉलर, म्हणजे मूळ गाडीच्या किमतीहून जास्त. एकेक गाडी सात हजार डॉलरच्या वर. त्या गावात ते परवडणारे गिऱ्हाईक नव्हते. शेवटी शेव्हरोलेने बऱ्याच गाड्या परत घेतल्या आणि इतर डीलरांकडे रवाना केल्या. आज ज्यांच्यासाठी लिलावात लाखो डॉलरची बोली लागते त्या गाड्या तेव्हा शोरूममध्ये पडून राहिल्या, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुर्मीळ वस्तू म्हणजे फार थोड्यांना मिळालेली वस्तू असे आपण समजतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत बहुधा ती फार थोड्यांना हवी असलेली वस्तू असते. आणि त्या अपयशामुळेच, परतपाठवणी आणि फेरवाटपाच्या कागदांमुळेच, झेडएल-१ चा माग जास्त नीट लागतो. चटकन खपली असती तर कदाचित तिच्याही मागे इंजिनांचा आकडा तेवढा उरला असता.

नियमांनी जन्माला घातलेल्या आकड्यांविषयी थोडे वेगळे सावध राहावे लागते. १९६९ मध्ये स्टॉक कारच्या शर्यती चालवणाऱ्या नॅस्कारचा नियम ५०० गाड्यांचा होता, आणि लांब नाकाची, मागे उंच पंख असलेली डॉज चार्जर डेटोना ५०३ बनली असे नोंदले गेले. पुढच्या वर्षी नियम वाढला: दर दोन डीलरांमागे एक गाडी. प्लिमथच्या डीलरांची संख्या पाहता सुपरबर्डच्या १,९२० गाड्या बनवणे भाग होते. आता सुपरबर्डच्या उत्पादनाचा आकडा म्हणून कुठे १,९२० दिसतो, कुठे १,९३५. पहिला आकडा किती बनवायला हव्या होत्या हे सांगतो, दुसरा किती बनल्या हे सांगू पाहतो. पण छपाईत दोघे एकाच रांगेत बसतात आणि वाचकाला वाटते की हा पंधरा गाड्यांचा किरकोळ वाद आहे. वाद पंधरांचा नाही. एक आकडा नियमाच्या पुस्तकातला आहे आणि दुसरा कारखान्यातला.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. कागद नसले म्हणून काय झाले, गाड्या तर आहेत; शिल्लक गाड्यांच्या नोंदवह्या हौशी मंडळींनी वर्षानुवर्षे चिकाटीने ठेवल्या आहेत, त्यांवरून संख्याशास्त्राने मूळ संख्या काढता येणार नाही का? हा आक्षेप हलका नाही, कारण अशा पद्धतीने एकदा नेत्रदीपक यश मिळालेले आहे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या संख्याशास्त्रज्ञांनी हाती लागलेल्या जर्मन रणगाड्यांवरच्या क्रमांकांवरून उत्पादनाचा अंदाज बांधला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा अंदाज होता महिन्याला १,५५० रणगाड्यांचा, संख्याशास्त्रज्ञांचा ३२७, आणि युद्धानंतर जर्मन दप्तरांत सापडलेला खरा आकडा निघाला ३४२. तत्त्व सोपे आहे: सापडलेल्यांतला सर्वांत मोठा क्रमांक घ्यावा, त्यात तोच क्रमांक नमुन्यांच्या संख्येने भागून मिळवावा आणि एक वजा करावा. पण हे तेव्हाच चालते जेव्हा क्रमांकांची माळ मोजायच्या वस्तूचीच असते आणि हाती आलेले नमुने यदृच्छेने आलेले असतात. कॅमारोत दोन्ही अटी मोडतात. नॉरवुडच्या माळेत झेड/२८, साधी सहा सिलिंडरची आणि कोपो या एकामागोमाग एक ओवलेल्या आहेत. माळेचे शेवटचे टोक एकूण संख्या सांगते, तिच्या आतली जातवार विभागणी नाही.

दुसरी अट मोडते ती अधिक खोलवर. पन्नास वर्षांनी उरलेल्या गाड्या यदृच्छेने उरलेल्या नाहीत. झेड/२८ जपली गेली, तिच्यावर पैसा खर्च झाला, गंजलेली सापडली तरी ती उभी केली गेली. सहा सिलिंडरची साधी गाडी भंगारात गेली, किंवा तिचे सुटे भाग दुसरीला गेले, किंवा तिच्यातच मोठे इंजिन बसवून तिला झेड/२८ चा वेष दिला गेला. त्यामुळे नोंदवहीतले झेड/२८ चे प्रमाण कारखान्यातल्या प्रमाणाहून कितीतरी फुगलेले असणार. कंपनीच्या ऑप्शनच्या नोंदींनुसार १९६९ च्या झेड/२८ आज सर्वसाधारणपणे २०,३०२ मानल्या जातात. जुन्या पुस्तकांत १९,०१४ असाही आकडा आढळतो. म्हणजे दर बारा कॅमारोंमागे एक. जुन्या गाड्यांच्या कोणत्याही मेळाव्यात हे प्रमाण टिकत नाही. तिथे साधी, सहा सिलिंडरची, मूळ इंजिनाची कॅमारो शोधावी लागते. नोंदवह्या निरुपयोगी आहेत असे मात्र नाही. एखाद्या कारखान्याने कोणता संकेत कोणत्या महिन्यापासून वापरला, कोणत्या तारखेचे इंजिन कोणत्या तारखेच्या गाडीत जाते, हे त्यांच्याशिवाय कळलेच नसते. एक्स-३३ आणि एक्स-७७ यांचा अर्थ लागला तो अशाच शेकडो पट्ट्या शेजारी ठेवून. किती, हे त्या सांगू शकत नाहीत. कसे, हे त्यांच्याइतके चांगले कुणी सांगत नाही.

दुसरा आक्षेप फोर्डच्या बाजूने येतो. जिथे नोंदी संपूर्ण आहेत तिथे तरी दुर्मीळपणा गणिताइतका स्पष्ट असला पाहिजे. अमुक मस्टँग त्या जोडणीतली जगातली एकमेव आहे असे अहवालच सांगत असेल तर वाद कशाला? वाद आकड्याशी नाही, त्याला दिलेल्या वजनाशी आहे. समजा एखाद्या गाडीसाठी हवे किंवा नको असे अठराच ऑप्शन आहेत: रेडिओ, रंगीत काच, घड्याळ, जास्तीचे दिवे, असे. अठरा ऑप्शनांच्या एकूण जोडण्या होतात २,६२,१४४. म्हणजे १९६९ मध्ये बनलेल्या सगळ्या कॅमारोंपेक्षा जास्त. आणि यात रंग, बैठक, इंजिन, गिअर हे धरलेलेच नाहीत. प्रत्यक्षात काही जोडण्या पुन्हापुन्हा मागवल्या जातात हे खरे, तरी निकष पुरेसे वाढवले की जवळजवळ प्रत्येक गाडी एकमेव ठरते. घड्याळ आहे पण रंगीत काच नाही, अशी ही एकच पिवळी गाडी. असेल, पण त्यामुळे जगाचे काही अडलेले नव्हते. दुर्मीळपणाचा निकष गाडी पाहण्याआधी ठरलेला असावा लागतो. आधी गाडी पाहायची आणि मग ती एकटी पडेपर्यंत कुंपण आवळत जायचे, ही विक्रेत्याची कला आहे; तिला संशोधन म्हणू नये.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. बाजाराला या चर्चेची गरज नाही, तो किंमत लावतो आणि मोकळा होतो. १९७१ ची प्लिमथ हेमी कूडा कन्व्हर्टिबल २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. त्या गाड्या ११ होत्या की १२, यावर अजून एकमत नाही, आणि त्याने बोली लावणाऱ्याचा हात थबकला नाही. हे मान्य. अकरा आणि बारा यांत बाजाराला फरक पडत नाही, कारण प्रत्येक गाडी ओळखीची आहे. फरक पडतो तो मधल्या थरात, जिथे आकडा हजारांत असतो आणि गाड्या ओळखीच्या नसतात. तिथे कागदालाच किंमत येते, आणि ज्याला किंमत येते त्याची नक्कल होते. कारखान्याचा सुटा कागद नव्याने छापला जातो, पत्र्याची पट्टी नव्याने ठोकली जाते, इंजिनावरचा जुना संकेत घासून नवा उमटवला जातो. गाडीच्या व्हीआयएनशी छेडछाड करणे अमेरिकेत कायद्याने गुन्हा आहे. बाकीच्या खुणांना तेवढे संरक्षण नाही. त्यामुळे काही प्रकारांच्या बाबतीत अशी विचित्र स्थिती येते की बनल्या त्याहून जास्त गाड्या आज अस्तित्वात असल्याचा दावा होतो. अशा वेळी उत्पादनाचा आकडा भोंगळ असेल तर खोट्या गाडीला त्यात शिरायला जागा मिळते. आकडा कशाचा आहे हे नेमके माहीत असणे, हीच खऱ्या गाडीच्या मालकाची पहिली तटबंदी. बाजाराला चर्चेची गरज नाही असे म्हणणारा माणूस बहुधा विकणाऱ्याच्या बाजूला उभा असतो.

किती बनल्या आणि किती उरल्या हे दोन प्रश्नही सतत एकमेकांत मिसळले जातात. शिकागोत बनलेल्या टकर ४८ या गाड्या ५१. प्रेस्टन टकर यांच्यावर खटला झाला, जानेवारी १९५० मध्ये ते निर्दोष सुटले, पण कारखाना संपला तो संपलाच. त्या ५१ पैकी ४७ आजही शिल्लक आहेत. बनवतानाच दुर्मीळ असलेली वस्तू सहसा नष्ट होत नाही, कारण तिच्याकडे पहिल्या दिवसापासून लक्ष असते. लाखांनी बनलेली, चार दरवाज्यांची, फिक्या रंगाची, सहा सिलिंडरची कुटुंबाची गाडी मात्र नामशेष होत जाते. उत्पादनाच्या आकड्यावरून दुर्मीळपणा ठरवणाऱ्या पुस्तकांत तिला जागाच नसते. हा त्या पुस्तकांचा सर्वांत मोठा दोष मला वाटतो, आणि प्रस्तुत पुस्तकही त्यातून पूर्ण सुटलेले नाही, कारण कागद आणि कुतूहल दोन्ही महागड्या गाड्यांभोवतीच साचलेले आहे.

मोजणीच्या आणखी एका फटीचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण ती मुंबईतून जाते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला कारखाना काढला आणि १९५४ पर्यंत तिथे परदेशातून सुट्या भागांत आलेल्या गाड्या जोडल्या जात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो या नावांच्या गाड्या जोडायला सुरुवात केली. अशी गाडी कुठे मोजायची, पेटी जिथे भरली तिथे की गाडी जिथे उभी राहिली तिथे? कॅमारो शिवडीला कधी जोडली गेली नाही, तेव्हा या पुस्तकातल्या आकड्यांना हा प्रश्न भिडत नाही. पण पन्नासच्या दशकाआधीच्या अमेरिकन गाडीचा आकडा ज्याला शोधायचा असेल त्याला तो टाळता येणार नाही.

साल म्हणजे कोणते साल, हेही सांगायला हवे. अमेरिकन गाडीचे मॉडेल वर्ष आदल्या वर्षीच्या शरदात सुरू होते. १९७० ची नवी कॅमारो लांबली म्हणून १९६९ ची गाडी नोव्हेंबर १९६९ पर्यंत बनत राहिली, आणि तिचे वर्ष नेहमीपेक्षा लांब झाले. तिचा आकडा १९६८ च्या २,३५,१४७ शी ताडून लोकप्रियता वाढली असे लिहिणारे हे लांबलेले महिने विसरतात. फोर्डने उलटे केले: एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आलेली मस्टँग कागदोपत्री सुरुवातीपासूनच १९६५ ची. या पुस्तकात साल म्हणजे सर्वत्र मॉडेल वर्ष समजावे.

पुढील प्रकरणांत प्रत्येक आकड्यासोबत तो कुणाच्या मोजणीतून आला हे दिले आहे: अनुक्रमांकांवरून, बिलांवरून, इंजिनांच्या संकेतांवरून, ऑप्शनच्या बेरजेवरून की नियमाच्या अटीवरून. त्यामुळे कोष्टके वाचायला थोडी जड झाली आहेत. काही ठिकाणी, विशेषतः कोपोच्या प्रकरणात, वाचकाला हवा असलेला आकडा मुद्दाम दिलेला नाही, कारण तो देणारी मोजणी कुणी केल्याचे दिसत नाही. मतभेद असणाऱ्यांनी ते जरूर कळवावेत. दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत केली जाईल. मात्र नुसता आकडा पाठवू नये. तो ज्या कागदावर, पट्टीवर किंवा इंजिनावर वाचला त्याचे स्पष्ट छायाचित्र सोबत जोडावे, आणि ते पट्टी घासून पुसून चकचकीत करण्याआधी काढलेले असावे.